पाहुण्याचं बिऱ्हाड

१२ नोव्हेंबर १९९०

आज कॉम्प्युटर आला. टेम्पोतून उतरवताना मी खोक्याला एका बाजूने हात लावून चालत राहिलो. वजन हमालांनीच उचललं, माझा नुसता हात. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख दामले मॅडमनी त्याच्यासाठी मागची खोली रिकामी केलीय, एसी बसवलाय आणि दारावर पाटी लावलीय, 'चपला बाहेर काढाव्यात'. इथे जमिनीवर कधीही आम्ल सांडलेलं असतं, त्यामुळे आजवर सगळे एकमेकांना चपला घाला म्हणूनच ओरडत आले. माझा सहकारी चांगदेव म्हणाला, "आता फक्त नारळ फोडायचा बाकी आहे." मॅडमनी खरंच पिशवीतून नारळ काढला.

अक्षरं हिरवी आहेत, काळ्या काचेवर. बघत बसलं की आपण डोंबिवलीत आहोत, बाहेर रिक्षा उभ्या आहेत, हे सगळं विसरायला होतं.

काम असं आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना रंगांसाठी लागणारं नवीन रसायन बनवणार. त्यातलं थोडं सांडपाण्याबरोबर खाडीत जाणार. खाडीचं पाणी मुंब्रा, कळवा करत शेवटी आमच्या कोपरीला येतं. तिथे पोचेपर्यंत त्या रसायनाचं काय होतं, ते मोडतं की टिकतं, हे कॉम्प्युटरवर आधीच काढून द्यायचं. कॉम्प्युटर कारखान्यानेच त्यासाठी दिलाय. आकडा चांगला आला तर सांडपाण्याचा नळ पूर्ण उघडणार, वाईट आला तर उघडणार नाही. आणि आकडा काढणार मी, परशुराम धाकू, कोपरीच्या कोळीवाड्यातला पहिला एमएस्सी.

घरी आयला सगळं समजावून सांगितलं. खाडीला ती खारी म्हणते. तिने विचारलं, "तुझी मशीन खारीन उतरंल काय?"

"नाही गं आय. ती एसीत बसते."

"मंग तिला पानी कसा कललं?"

माझा मोठा भाऊ नाथादादा खो खो हसला. मीही हसलो. आजचा दिवस फार छान गेला.

२१ नोव्हेंबर

रसायनाचं पूर्ण नाव मॅडम एका दमात घेतात. मी आणि चांगदेव त्याला पाहुणा म्हणतो. पाहुणा खाडीत आला, आता तो जाणार कधी, एवढाच आमचा प्रश्न.

पद्धत सोपी आहे आणि मला तिचं वेड लागलंय. रेणूचे कागदावर तुकडे पाडायचे. मधलं कडं वेगळं, त्याला चिकटलेले हात वेगळे. पाण्यातले जंतू कुठला तुकडा लवकर खातात, कुठला खाताना दमतात, याचे गुण ठरलेले असतात. परदेशातल्या लोकांनी शेकडो रसायनं बाटल्यांत कुजवून ते काढलेत. मग ऊन किती, पाणी गरम किती, भरती-ओहोटी किती हे घालायचं आणि बटण दाबायचं. मशीन बराच वेळ घेतं. तोवर मी डोळे मिटून बसतो आणि पाहुण्याबरोबर मुंब्र्यापर्यंत जाऊन येतो.

खोली इतकी गार असते की मी आयची जुनी शाल नेऊन ठेवलीय.

८ डिसेंबर

आला! पाहुणा तीन दिवसांत निम्मा होतो, पुढच्या तीन दिवसांत निम्म्याचा निम्मा. भरतीचं पाणी मागे-पुढे करत कोपरीला पोचतं तोवर शंभरातला एकसुद्धा उरत नाही.

मी तीनदा आकडे तपासले. कुठेही चूक नाही. प्रिंटर कुरकुरत कागद बाहेर टाकत होता आणि मला वाटत होतं, हे बघायला बा हवा होता. बाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याची राख आम्ही कोपरीच्या खाडीतच सोडली होती. तेव्हा मी एफवायला होतो आणि दादाला विचारलं होतं, आता तो कुठे गेला? दादा म्हणाला, "जायाचा कुठं? पानीच झाला." आज शाल पांघरून तिथेच डुलकी लागली आणि स्वप्नात बा हिरव्या पाण्यातून चालत आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "पोरा, इथं कायच नाय रं," म्हणाला. मी म्हणालो, तेच तर मी सिद्ध केलं.

३ जानेवारी १९९१

तीन आठवड्यांपासून चाचणी म्हणून नळ थोडासा उघडलाय. चांगदेव आठवड्यातून दोनदा खाडीवर जाऊन बाटल्या भरून आणतो. हा चांगदेव विठ्ठलवाडीचा. पाण्यात काय आहे हे त्याचं यंत्र कागदावर डोंगर काढून दाखवतं. मी आकडे सांगतो, तो डोंगर काढतो. खरं तर दोघांत तोच जास्त शहाणा आहे, पण हे त्याला सांगायचं नाही.

कोपरीच्या बाटलीत पाहुण्याचा डोंगर नाही. सपाट. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांची मान हलली म्हणजे दुसऱ्या कुणाचं पेढे वाटणं.

२० जानेवारी, रविवार

जनीवहिनीला पाचवा महिना लागलाय. आज जेवताना तिने माशाचं ताट सरकवलं. म्हणाली, "मावऱ्याला वास मारतंय. दवाखान्याचा."

दादा म्हणाला, "हिला काल साबनाला पन वास मारत होता." सगळे हसलो. वहिनीसुद्धा जरा हसली आणि सुकट-भात खाल्ला. मला सर्दी होती, मला काही कळलं नाही. डोहाळे हा प्रकार विज्ञानाला अजून नीट समजलेला नाही.

२ फेब्रुवारी

खाडी खरंच सुधारलीय की काय? आज बोईट इतकं सुरेख होतं! आमच्या खाडीच्या बोइटाला चिखलाचा एक वास असतोच. आय चिंच-हळदीत मुरवून मुरवून तो घालवते, तरी पाठीमागे थोडा उरतो. मी लहानपणापासून त्या वासासकट मासे खाल्लेत. आज तो नव्हताच. मी आयला म्हणालो, "पाणी नितळ झालंय बघ."

"झाला असंल," आय म्हणाली. "अजून घे."

स्टोव्हवर दोन टोप दिसले. आय म्हणाली, तुझ्या पोटाला तिखट सोसत नाय, तुझा येगला केला. माझ्या पोटाला काय झालंय मला माहीत नाही, पण आईला वाटतं तेच खरं. तिच्या मासळीच्या पाटीतून ओट्यावर पाणी ठिबकलं होतं, मी पुसलं. बोटं गारठली.

१४ फेब्रुवारी

चांगदेव कागद घेऊन चपला काढून आत आला. पाहुण्याचा डोंगर नाहीच, पण बाजूला एक बुटकी टेकडी उभी राहिलीय.

"ही कोण?" म्हणाला.

"मशीन साफ कर."

"केलं ना राव. काल दोनदा केलं. परत येते."

"मग तुझ्या बाटल्या घाण असतील. आपण पाहुणा शोधतोय चांग्या, पाहुणा नाहीये, विषय संपला."

तो टेकडीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तुझी खोली भारी थंड आहे," आणि गेला. मी परत आकड्यांत शिरलो. मला आता झोपेतही हिरवं दिसतं.

२८ फेब्रुवारी, शिमगा

आमच्या कोळीवाड्यात होळीला सगळी माणसं जमतात, होड्यांची पूजा होते, बायका नाचतात. आज नाच थांबवून सीताराम तांडेलकाकांनी मला पुढे ओढलं. त्यांनी बाला होडी शिकवली होती. वाड्यात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही.

"परशा, तू शिकेल हास. खारीचं पानी बरा हाय का नाय, तू बोल. कोन काय बोलतंय, कोन काय."

मला इतक्या लोकांसमोर बोलायची सवय नाही. पण होळी पेटलेली, सगळे चेहरे तांबडे, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मला एकदम फार मोठं झाल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "काका, मी मशीनमध्ये घालून बघितलंय. कोपरीपर्यंत शंभरातला एकसुद्धा उरत नाही. वास येतो म्हणतात तो मनाचा खेळ आहे."

काका म्हणाले, "परशा बोलला, झाला." ढोल परत वाजायला लागले.

आय बायकांत उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, होळीकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते. मुलाचं कौतुक झालं की आईचं असंच होतं. दादाने मात्र पाठीवर थाप मारली नाही. तो होड्यांकडे निघून गेला होता.

१२ मार्च

आय हल्ली बाजारातून लवकर घरी येते. म्हणते, मावरं पटापट खपतं. पूर्वी दुपार कलली तरी कोपरीच्या बाजारात बसलेली असायची. पाणी सुधारलं की असं सगळंच सुधारतं. तरी दमलेली दिसते. एवढं सगळं खपतं तर आनंद दिसायला हवा.

अहवाल लिहायला घेतलाय. कारखान्याचे लोक आणि सरकारी साहेब १० एप्रिलला बसणार, त्या दिवशी नळाचं ठरणार.

२९ मार्च

मॅडमनी मसुदा वाचला. म्हणाल्या, "सगळं गणितच आहे, परशुराम. साहेबांना कळेल असं एखादं वाक्य घाला. माणसांच्या अनुभवाचं."

मी लिहिलं, 'चाचणीच्या काळात स्थानिक मासळीच्या चवीत कोणताही प्रतिकूल बदल आढळला नाही.'

"कुठली मासळी पाहिलीत?"

"आमच्या घरची, मॅडम. माझा भाऊ धरतो, आई करते. मी रोज खातो."

"मग प्रश्नच नाही," त्या म्हणाल्या. त्या मासे खात नाहीत, पण त्या वाक्यावर त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास बसलेला दिसला. माझाही आहे. आकड्यांवरचा विश्वास शिकावा लागतो, आयच्या हातच्या कालवणावरचा शिकावा लागत नाही.

३ एप्रिल

प्रिंटरची रिबन संपली म्हणून भर दुपारी स्टेशनजवळ गेलो होतो. मासळीबाजाराच्या तोंडाशी मला आय दिसली. आमची आय, डोंबिवलीत!

एका कोळणीच्या पाटीसमोर उभी होती. हातात कापडी पिशवी. मासा उचलून गलफडं बघत होती, परत ठेवत होती, भाव करत होती. मी जन्मभर तिला पाटीच्या मागे बसलेली बघितलंय, गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी कधी बघितली नाही, म्हणून आधी ओळखूच आली नाही. ती कोळीण तिच्यावर खेकसली आणि आय ऐकून घेत होती. माझी आय, जिच्यापुढे अख्ख्या बाजारात कुणी मान वर करत नाही.

मी हाक मारली. मधून टेम्पो गेला. मग ती दिसली नाही.

संध्याकाळी विचारलं, "आज कुठे गेलेलीस?"

"कुठं जाऊ? बजारान. गरम हाय तवर जेव."

मी फार खोदून विचारलं नाही. मला भेटायला आली असेल, ऑफिस सापडलं नसेल, आणि आता सांगायला लाज वाटत असेल. मला वाईट वाटलं. एकदा तिला आणून मशीन दाखवायला पाहिजे. चपला काढून आत येईल, हात जोडेल बहुतेक.

५ एप्रिल

आज वही दोनदा उघडून मिटली.

सकाळी एसीच्या खोलीत बसलो होतो. गार हवा बोटांना लागत होती आणि मला एकदम ओट्यावरचं ते पाणी आठवलं. बर्फाचं पाणी होतं ते. खाडीच्या मासळीला कुणी बर्फ लावत नाही. दादा होडीतून काढतो आणि आय टोपात टाकते, मध्ये बर्फ यायला जागाच नाही. बर्फ लावतात तो लांबून आलेल्या मासळीला. चिखलाचा वास नसतो तो त्याच मासळीला.

दोन महिने मी तेच खातोय आणि खाडी नितळ झाली म्हणतोय. अहवालातही लिहिलंय.

दुपारी चांगदेवने डबा उघडायला बोलावलं. मी भूक नाही म्हणालो. मला कळलंय ते मला कळायला नको आहे, असं दिवसभर वाटत राहिलं. खोटं कशाला लिहू, घरी गेल्यावर मी ते कालवण पुन्हा खाल्लं.

७ एप्रिल, रविवार

आज कुणी हाक मारायच्या आधीच स्वयंपाकघरात गेलो. स्टोव्हवर दोन टोप. मी दुसऱ्यावरचं झाकण काढलं.

"त्याला हात नको लावू," आय म्हणाली.

मी लावला. बोईटच होतं. चिंच, हळद, तिखट, आयचंच कालवण. तुकडा तोंडात टाकला आणि दवाखान्याची फरशी पुसतात तो वास घशापासून नाकापर्यंत चढला. गिळवेना. मोरीत जाऊन थुंकलो आणि कितीतरी वेळ चूळ भरत राहिलो.

परत आलो तर तिघंही उभी होती. मी विचारलं, "हे कोण खातं?"

शेवटी दादा म्हणाला, "आमी खातंव. मी नं आय. जनीला सुकट देतंव."

"कधीपासून?"

"बजारान कोन घेत नाय. परत आनलेला टाकाचा कुठं? रोज टाकला तर वाड्यान बोंब होईल."

"मला सांगायचं नाही?"

"सांगनार होतू. तवर शिमग्याला तू सगल्यांसमोर बोललास. मंग आमचा तोंडच नाय उरला."

आय स्टोव्हची वात खाली-वर करत होती. तिकडेच बघत म्हणाली, "तांडेल तुला मान देतो. सगले बोलतात आवडाबायचा पोर सायेब झाला. तुझा आकडा मी खोटा कशी पारू? बरफाचं आमाला सगल्यांना नाय परवडत. तुज्यापुरता आनतंव. आमी काय, खारीचीच मानसा. आमाला काय होतंय?"

वहिनी म्हणाली, "मना वास आला तवा सगले हासले." रागाने नाही, सहज. मीही हसलो होतो. ते या वहीतच लिहिलंय आणि वर डोहाळ्यांविषयी शहाणपणही.

आयला मिठी मारायची आमच्यात पद्धत नाही. मी तिच्या हातातून टोप काढून घेतला आणि तिने तो दिला. मला इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. आणि माझ्यावर इतकी माया कुणी करावी असं मी काय केलंय, तेही कळेना. दुपारभर होडीच्या सावलीत बसून राहिलो. भरती आली, पाणी पायापर्यंत आलं. बघायला छान होतं. त्यात काही आहे असं अजिबात वाटत नव्हतं.

८ एप्रिल

दुसऱ्या टोपातलं कालवण डब्यात भरून नेलं. दादाने पहाटे धरलेलं एक कच्चं बोईटही नेलं. मॅडमच्या टेबलावर डबा ठेवून झाकण काढलं आणि सगळं सांगितलं. आय कुठे उभी होती तेही.

दामले मॅडमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांनी पदर नाकाला लावला, मग बाजूला केला आणि डब्यावर वाकून श्वास घेतला. दोनदा घेतला. डोळे मिटून बसल्या. म्हणाल्या, "माशाचा वास मला ओळखता येत नाही. पण हा माशाचा नाही."

चांगदेवने कच्चं बोईट कापलं, वाटलं, त्याचा अर्क काढला, आणि आम्ही यंत्रासमोर उभे राहिलो. पेन सरकत होतं. पाहुण्याच्या जागी सपाट. आणि बाजूची ती टेकडी, मी मशीन साफ कर म्हणालो होतो ती, कागदाच्या वर जाईल की काय इतकी चढली.

"ही बघ तुझी घाण बाटली," चांगदेव म्हणाला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "जाऊ दे रे. कोण आहे ही ते शोधू."

शोधायला दिवस गेला नाही. जंतू झटपट खातात ते पाहुण्याचे हात. हात गेले की पाहुणा पाहुणा राहत नाही, म्हणून माझं गणित तो गेला म्हणतं. पण मधलं कडं तसंच मागे राहतं. पाहुणा गेला, बिऱ्हाड राहिलं. मी कॉम्प्युटरला पाहुणा कधी जाईल हे विचारलं होतं, जाताना मागे काय ठेवेल हे विचारलंच नव्हतं. आज विचारलं. कड्याचे तुकडे घातले, बटण दाबलं. शाल पांघरली नाही, डोळे मिटले नाहीत. हिरवी अक्षरं आली. दिवस नाहीत, महिने. आणि पाण्यापेक्षा मासळीच्या चरबीत राहायला त्याला जास्त आवडतं.

मॅडम माझ्या मागे अनवाणी उभ्या होत्या. म्हणाल्या, "गणित चुकलं नाही तुमचं. प्रश्न अर्धा विचारलात. आणि तो अर्धा आहे हे मीही पाहिलं नाही."

मी म्हणालो, "अहवाल मागे घ्यायचा तर... मॅडम, मशीन कारखान्याचं आहे."

"मशीन त्यांचं आहे. सही माझी आहे."

त्यांनी पेन काढलं आणि चवीचं वाक्य खोडायला लागल्या. मग थांबल्या आणि पेन माझ्याकडे दिलं. मी खोडलं.

१० एप्रिल

बैठक झाली. मॅडम बोलल्या, चांगदेवने दोन्ही कागद दाखवले, मी कड्याचं समजावलं. मासळी कुठून आली असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आमच्या घरून. या वेळी ते खरं होतं.

नळ उघडायला परवानगी नाही. चाचणीचा नळही आजपासून बंद. कड्यापर्यंत मोडून दाखवा, मग या, असं कारखान्याला सांगितलं. कारखान्याचे साहेब सभ्य माणूस, चहा घेऊन गेले. जाताना मॅडमना म्हणाले, कॉम्प्युटरची आता तुम्हाला गरज नसावी.

१५ एप्रिल

काल बाबासाहेबांची शंभरावी जयंती. चांगदेवकडे विठ्ठलवाडीला जेवायला गेलो होतो. त्याच्या आईने, केशरबाईंनी, वाटी भरून खीर वाढली आणि विचारलं, "तुझी आय कशी आहे?" चांगदेवने घरी सगळं सांगितलेलं दिसतं. मी बरी आहे म्हणालो आणि आणखी खीर मागून घेतली.

आज टेम्पो आला. हमालांनी खोकी उचलली. मी या वेळी हात लावला नाही, दारात उभा राहिलो. एसी मात्र मॅडमचा होता, तो राहिला. दुपारी शाल आणायला खोलीत गेलो तर सवयीने चपला बाहेर काढल्या. टेबलावर फक्त चौकोनी डाग होता, धूळ नसलेला. मी थोडा वेळ त्याच्यासमोर बसलो. मला ते मशीन फार आवडायचं. त्याने मला कधी फसवलं नाही.

२१ एप्रिल, रविवार

सकाळी तांडेलकाकांना म्हणालो, वाडा जमवा. होळी झाली होती त्याच जागी उन्हात सगळे बसले. मी सांगितलं की शिमग्याला मी बोललो ते चूक होतं. वास खरा होता. ज्यांना आला त्यांचं नाक बरोबर होतं, माझा आकडा अपुरा होता. नळ बंद झालाय, पण आत गेलेलं काही महिने राहणार.

काका म्हणाले, "म्हंजे मावरं खायाचा का नाय?"

"नाही, काका. पावसाळा सरेपर्यंत तरी खाऊ नका, विकू नका. चांगदेव दर महिन्याला येऊन तपासेल. तो हो म्हणाला की खायचं."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर सोपं झालं असतं. माणसं बसल्या जागी वाळूवर रेघोट्या मारत राहिली. पावसाळा सरेपर्यंत म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. एक बाई म्हणाली, "तवा बोलला असतास तर." मी म्हणालो, हो. शेवटी काका उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. हात जड होता. मान अजून आहे की गेला, ते मला त्या हातावरून समजलं नाही.

दादा उद्यापासून मुंब्र्याला रेतीच्या होडीवर जाणार. सवय नाही, पण जमेल म्हणतो. मी बाच्या पाण्याकडे बघत बसलो. दादा म्हणाला होता, जायाचा कुठं. तेव्हा मला ते नुसतं सांत्वन वाटलं होतं.

घरी आलो तर आय पाटी धुऊन उन्हात पालथी घालत होती. मी विचारलं, "आय, रागावलीस?"

"कशाला रागवू? हातपाय धू. जेवाला चल."

आत गेलो. स्टोव्हवर एकच टोप होता, वालाच्या बिरड्याचा. आयने आधी वहिनीला वाढलं, मग दादाला, मला, आणि शेवटी स्वतःला. सगळे त्यातलंच जेवलो.